बाईकसाठी टॉर्क रेंच: आधी छोटा घ्या, मोठा मागनं

प्रश्न थोडक्यात असा आहे, की बाईकची कामं आता घरीच करायला लागलोय, ऑइल बदलणं, चेन टाईट करणं, ब्रेक पॅड, चाक काढणं वगैरे, आणि एकच टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या पिळाच्या जोराने (टॉर्कने) आवळायचा पाना, घ्यायचाय, अर्धा इंच ड्राईव्हचा (सॉकेट बसतं तो चौकोनी खुंट), २८ ते २१० न्यूटन मीटरवाला (हे टॉर्कचं माप) बघून ठेवलाय, तो सगळ्याला पुरेल का, आणि क्लिकवाला बरा का डिजिटल.

नाही पुरणार. क्लिक का डिजिटल हे नंतर बघू, कारण खरा घोटाळा रेंजमधे आहे आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. सगळ्यात मोठा आकडा पोचतोय ना एवढंच बघतात, म्हणजे मागच्या एक्सलचा नट शंभरचा आहे, हा दोनशे दहापर्यंत जातो, झालं काम. पण बाईकवर मोडतं काय ते बघा. एक्सलचा नट कुणी तोडलाय असं क्वचित ऐकाल. मोडतात ते सहा एमएमचे बोल्ट, म्हणजे ज्यांना आठ किंवा दहा नंबरचं सॉकेट लागतं ते, क्लच कव्हर, मॅग्नेट साईडचं कव्हर, टॅपेट कव्हर, कॅम होल्डर. हे सगळे ॲल्युमिनियममधल्या आट्यात बसतात आणि यांचा टॉर्क साधारण ८ ते १२ न्यूटन मीटर असतो. बारा म्हणजे किती, तर वीस सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला सहा किलोचा जोर. मनगटाला ते काहीच वाटत नाही, म्हणून माणूस अजून थोडा आवळतो, मग अजून थोडा, मग बोल्ट अचानक मऊ फिरायला लागतो आणि बाहेर काढला की आट्यात ॲल्युमिनियमची स्प्रिंगसारखी तार गुंडाळून येते. मग हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी घालायची तारेची कॉइल, बसवत बसा, तेही कॅम होल्डरचा असेल तर इंजिन उघडं टाकून.

आता तुमचा २८ ते २१० वाला या बोल्टांच्या आसपाससुद्धा येत नाही. म्हणजे जिथे हात फसवतो तिथे तुम्ही परत हातानेच आवळणार, आणि जिथे हाताने केलं तरी थोडंफार चाललं असतं तिथे रेंच वापरणार. उलटं झालं ना सगळं. एक्सलच्या नटला ९० चा टॉर्क असेल आणि तुम्ही ९८ ला आवळला तर जाडजूड स्टीलचा एक्सल आहे, काही बिघडत नाही, पण दहा न्यूटन मीटरच्या बोल्टला अठरा दिला तर तो किंवा त्याचे आटे गेलेच समजा. याचा अर्थ एक्सल अंदाजाने आवळा असं मी म्हणत नाहीये, एक्सल, ब्रेकचे कॅलिपर, हँडल क्लॅम्प हे रस्त्यावर जीवाशी येणारे आहेत. पण एकच घ्यायचा म्हणाल तर पहिला छोटाच घ्या.

अजून एक गोष्ट पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेली नसते. क्लिकवाल्या रेंचची जी अचूकता सांगतात, ४ टक्के कमीजास्त वगैरे, ती साधारण कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वरच धरायची. आयएसओ ६७८९ नावाचं हातातल्या टॉर्क रेंचचं स्टँडर्ड आहे, त्यात तपासणी होते ती कमालच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर. म्हणजे तुमच्या २१० वाल्याचा भरवसा ४२ पासून सुरू होतो. पट्टीवर २८ चा आकडा कोरलाय म्हणून २८ ला तो बरोबर असेलच असं नाही. त्याच स्टँडर्डमधे ॲडजस्ट होणाऱ्या क्लिकवाल्या रेंचला, कमाल १० न्यूटन मीटरपेक्षा जास्त असेल तर ४ टक्के आणि १० किंवा त्याहून कमी असेल तर ६ टक्के चुकीची मुभा आहे. लहान टॉर्क मोजणं मुळातच अवघड काम आहे, म्हणूनच त्यासाठी वेगळा लहान रेंच लागतो.

मग घ्यायचं काय ते ठरवायला दुकानात किंवा साईटवर जायच्या आधी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा, टॉर्कचा तक्ता काढा आणि तुम्ही खरंच जी कामं करणार आहात तेवढेच आकडे कागदावर लिहा. बहुतेक गाड्यांचं चित्र असं दिसतं की सहा एमएमचे बोल्ट दहाच्या आजूबाजूला, आठ एमएमचे वीस ते तीस, ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) वीस-तीसच्या घरात, कॅलिपरचे वीसच्या वरपासून चाळीसपर्यंत, दहा एमएमचे पस्तीस ते पन्नास, आणि एक्सल पन्नासपासून शंभर-एकशे दहापर्यंत, गाडी केवढी त्यावर. हे अंदाज आहेत हं, आवळताना तुमच्याच गाडीचा आकडा घ्यायचा. कागद समोर ठेवला की लगेच दिसतं, बहुतेक बोल्ट तीसच्या खाली आहेत आणि वर मोजून चार-पाच. त्या कागदावरच तुमची खरेदी ठरते: पाव इंच ड्राईव्हचा ५ ते २५ वाला पहिला, आणि दुसरा तीन अष्टमांश इंचाचा २० ते १०० किंवा ११० वाला. या दोघांत घरच्या कामातलं जवळपास सगळं बसतं. अर्धा इंचाचा मोठा रेंच तेव्हाच लागतो जेव्हा तुमच्या गाडीचा एखादा नट शंभर-सव्वाशेच्या वर आहे, मोठ्या गाड्यांचे मागचे एक्सल, काहींचे पुढच्या स्प्रॉकेटचे नट किंवा क्लच हबचा नट. तो शिवाय लांब असतो, फेअरिंगच्या आत फिरवायला जागा नसते आणि सायलेन्सरला आपटतो तो वेगळाच.

बजेट एकाच रेंचचं असेल आणि छोटा घेऊन एक्सलचं काय करायचं हा प्रश्न पडत असेल, तर तीन अष्टमांशवाल्यातच १० ते ६० असा प्रकार मिळतो, तो मधला मार्ग. पण त्याच्या दहाच्या खुणेला वर सांगितलेला २० टक्क्यांचा नियम लावा, भरवसा बारापासून. त्यामुळे मला तो अर्धवट वाटतो.

आता प्रकार. साधा काट्याचा, म्हणजे बीम टाईप, एक लवचिक दांडा आणि बाजूला न वाकणारी सुई, दांडा वाकला की सुई पट्टीवर आकडा दाखवते. दिसायला जुनाट, पण बिघडायला त्यात काही नाहीच. सुई शून्यावर नसेल तर हाताने वाकवून शून्यावर आणायची, झालं. अडचण एवढीच की आकडा डोळ्यासमोर सरळ असावा लागतो, तिरकं बघितलं की चुकीचं दिसतं, आणि इंजिनच्या खाली आडवं पडून ड्रेन बोल्ट आवळताना पट्टी दिसतच नाही. पण एक काम तो करतो जे क्लिकवाला करूच शकत नाही, ते म्हणजे फिरताना किती जोर लागतोय हे सतत दाखवणं. बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे त्यावर आधीच दिलेला दाब, बघताना ते कामाला येतं.

क्लिकवाला म्हणजे मूठ फिरवून आत स्प्रिंग दाबायची, ठरलेला टॉर्क आला की आतला तुकडा सटकतो आणि कट्ट असा आवाज येतो, हाताला झटका लागतो. घरच्या कामाला हाच घ्या असं मी सांगेन, फक्त त्याचा एक स्वभाव माहीत पाहिजे. ऐंशीला क्लिक होतो तेव्हा शेजाऱ्यालाही कळतं, पण आठला होतो तेव्हा फक्त बोटांना हलकंसं थरथरल्यासारखं होतं, आणि मोठ्या रेंचला खालच्या टोकाला तेही होत नाही. लोक आवाजाची वाट बघत ओढत राहतात, क्लिक कधीच होऊन गेलेला असतो, आणि रेंच असूनही बोल्ट जातो. रेंच थांबवत नाही, फक्त सांगतो. म्हणून नवा छोटा रेंच आणला की गाडीवर वापरायच्या आधी वाईसमधे एक जाड बोल्ट धरून त्यावर ८, १०, १२ असं लावून पाच-सहा वेळा ओढून बघा, हाताला ओळख झाली पाहिजे. बऱ्याच दिवसांनी काढला असेल तरी तसंच करा, आतलं वंगण सगळीकडे पोचतं.

डिजिटल चांगला आहे, नाही कशाला म्हणू. युनिट बदलता येतं, टॉर्क जवळ यायला लागला की बीप करतो, लाईट लागतो, काहींमधे अँगलही मोजता येतो, आणि काही इंजिनात हेड किंवा कनेक्टिंग रॉडच्या बोल्टला टॉर्क देऊन वर इतके अंश फिरवा असं सांगितलेलं असतं तिथे ते सोयीचं. पण पडद्यावर १०.३ दिसलं म्हणजे तो तितका अचूक आहे असं नाही, दशांश दाखवणं आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. अचूकता वाचनाच्या टक्क्यात दिलीय का पूर्ण स्केलच्या टक्क्यात हे नीट वाचा. २०० च्या डिजिटलला पूर्ण स्केलच्या २ टक्के असं लिहिलं असेल तर ती ४ न्यूटन मीटरची चूक झाली, दहाच्या बोल्टला ती चाळीस टक्के झाली. आणि बॅटरी नेमकी रविवारी सकाळी उतरते.

आता यावर मी एक बोलणार ते काही जणांना आवडणार नाही. २ टक्केवाला का ४ टक्केवाला यावर लोक डोकं फोडून घेतात, त्यात फार अर्थ नाही. बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण नव्वद टक्के घर्षणातच जातो, निम्मा डोक्याखाली आणि बाकीचा आट्यात, बोल्टला ताणायला उरतो फक्त दहाएक टक्के, आणि जोड घट्ट धरतो तो हा ताण. त्यामुळे आटे कोरडे का तेलकट, गंजलेले का स्वच्छ, वॉशर नवा का जुना, यावरच एकाच टॉर्कला ताण पंचवीस-तीस टक्के इकडेतिकडे होतो. मॅन्युअलने कोरडं सांगितलंय आणि तुम्ही आट्यांना ग्रीस चोपडून तोच आकडा लावला तर बोल्ट ठरल्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. रेंचच्या दोन टक्क्यांसाठी पैसे घालवण्यापेक्षा तारेचा ब्रश घेऊन आटे साफ करा, आतल्या भोकात तेल साठलं असेल तर ते पुसून काढा. जिथे मॅन्युअल सांगतं तेल लावा किंवा लॉकटाईट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा तिथेच लावायचं, मनाने नाही. स्पार्क प्लगला लोक हमखास अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावतात, प्लग बनवणारी एनजीके कंपनी स्वतः सांगते लावू नका, त्यांच्या प्लगच्या आट्यावर प्लेटिंग आधीच असतं आणि वरून वंगण लागलं की प्लग जास्त आवळला जातो. प्लगचे आकडे हवे असतील तर ॲल्युमिनियम हेडला १० एमएमच्या प्लगला १० ते १२, बारा एमएमला १५ ते २०, चौदाला २५ ते ३०, आणि रेंच आत पोचतच नसेल तर नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून वर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा.

विकत घेताना हातात घेऊन काय बघायचं ते सांगतो. पट्टी कोरलेली आहे का नुसती छापलेली, छापलेली ब्रेक क्लीनर लागला की वर्षभरात पुसते. आकडे न्यूटन मीटरमधे ठळक आहेत का, काही रेंचवर फूट पाऊंड मोठे आणि न्यूटन मीटर पाठीमागे बारीक असतात. मुठीवरची एक रेघ किती न्यूटन मीटरची आहे, छोट्या रेंचला पाव किंवा फार तर अर्ध्याची असावी, मोठ्याला एक चालते. वाचायची पद्धत दांड्यावरचा आकडा अधिक मुठीवरचा आकडा अशी असते, म्हणजे मुठीची कड दांड्यावरच्या २० च्या रेघेवरून पुढे गेली आणि मुठीवरचा ४ मधल्या उभ्या रेघेवर आला तर २४, हे तिथेच उभं राहून दोनदा लावून बघा, जमत नसेल तर तो रेंच तुमच्यासाठी नाही. लॉक घट्ट बसतो का, ओढताना मूठ स्वतःहून फिरायला नको. रॅचेटचे, म्हणजे एकाच दिशेला पकडणाऱ्या डोक्याचे, दात किती तेही बघा, चोवीस दातांच्या रॅचेटला प्रत्येक वेळी १५ अंश जागा लागते, बहात्तरला ५ अंश, आणि कॅलिपरच्या मागे तो फरक चांगलाच जाणवतो. सोबत कॅलिब्रेशनचा, म्हणजे रेंच तपासून बरोबर जुळवल्याचा, कागद आहे का, त्यावर त्याच रेंचचा सिरियल नंबर आहे का. सगळ्या डब्यांत एकच झेरॉक्स असेल तर तो कागद नाही, सजावट आहे.

ब्रँडबद्दल विचाराल तर तोहनिची, स्टालव्हिला, नॉरबार, गेडोर ही मंडळी यात मुरलेली आहेत, घरच्या कामाला तेवढं लागतंच असं नाही. स्टालव्हिलाच्या मानोस्कोपचं एक वेगळेपण सांगण्यासारखं आहे, त्यात दाबलेली स्प्रिंग नसून वाकणारी पट्टी असते, त्यामुळे काम झाल्यावर आकडा खाली आणायची गरज पडत नाही. बाकी सगळ्या स्प्रिंगवाल्यांना ती गरज आहे, काम झालं की सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवायचा. त्याच्याही खाली उघडत नेऊ नका, आतले तुकडे जागेवरून हलतात.

युनिटचा घोळ खरा महाग पडतो. जुन्या जपानी मॅन्युअलमधे किलोग्रॅम मीटर असतं, १ म्हणजे ९.८ न्यूटन मीटर, तिथे १.० लिहिलेलं बघून कुणी एकला आवळत नाही म्हणून फार बिघडत नाही. पण इंच पाऊंड आणि फूट पाऊंड यांच्यात बारापटीचा फरक आहे. १० न्यूटन मीटर म्हणजे साधारण ८८ इंच पाऊंड, आणि तेच ८८ फूट पाऊंड समजून लावलं तर ते ११९ न्यूटन मीटर झाले. एक फूट पाऊंड म्हणजे १.३६ न्यूटन मीटर, हे डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा.

रेंच बरोबर आहे का हे घरी साधारण तपासता येतं. चौकोनी ड्राईव्ह वाईसमधे धरा, रेंच आडवा, जमिनीला समांतर. मुठीवर जिथे हात धरायची खूण आहे तिथे दोरी बांधा, ड्राईव्हच्या मध्यापासून त्या दोरीपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते २० सेंटीमीटर आलं. काट्यावर तोलून बरोबर पाच किलो भरेल एवढं पाणी कॅनमधे घ्या, कॅन धरून पाच. पाच गुणिले ९.८१ गुणिले ०.२० म्हणजे ९.८ न्यूटन मीटर. वर रेंचचं स्वतःचं वजन असतं, अर्धा किलोचा रेंच असेल आणि त्याचा तोल दहा सेंटीमीटरवर साधत असेल तर अर्धा न्यूटन मीटर अजून, म्हणजे झाले १०.३. आता रेंच ९ ला लावून कॅन हळूच सोडा, क्लिक व्हायला पाहिजे. ११.५ ला लावून सोडा, व्हायला नको. मधे पाव-पावने सरकत कुठे क्लिक होणं थांबतं ते शोधा, दर वेळी कॅन उचलून मगच मूठ फिरवा. झटका दिलात तर सगळं खोटं येईल. ही काही लॅब नाही, पण पंधरा टक्के बिघडलेला रेंच यात पकडला जातो, आणि पडलेला किंवा सेकंड हँड घेतलेला रेंच असेल तर हे करूनच वापरा. कॅलिब्रेशनला स्टँडर्डचा मापदंड १२ महिने किंवा ५००० क्लिक असा आहे, घरी पाच हजार क्लिक व्हायला आयुष्य जाईल, तेव्हा दर वर्षी हा कॅनचा उद्योग आणि शंका आली तर लॅब.

वापरताना लोकांच्या हातून होणारं एक म्हणजे दोन-तीनदा कट्ट कट्ट करणं, एकदा झाला की सोडा, प्रत्येक क्लिकला बोल्ट थोडा पुढे सरकू शकतो. आधीच आवळलेल्या बोल्टवर रेंच लावून बरोबर आहे का बघतात, त्यात अडकलेलं घर्षण आधी तोडावं लागतं, त्यामुळे रेंच लगेच क्लिक होतो आणि बोल्ट आतून कमी ताणलेला असला तरी कळत नाही. शंका असेल तर अर्धा फेरा सोडून परत आवळा, आणि झालेल्या बोल्टवर पेंट मार्करची रेघ मारून ठेवा. कव्हरचे बोल्ट एकदम पूर्ण टॉर्कला नेऊ नका, आधी सगळे टेकवायचे, मग निम्म्याला समोरासमोर, मग पूर्ण.

सॉकेट आणि रेंचच्या मधे सरळ एक्स्टेन्शन लावला तर आकडा बदलत नाही, कितीही लांब असो. पण क्रोफूट म्हणजे पुढे लांबी वाढवणारा पाना लावलात तर बदलतो. रेंचची लांबी ३०० मिलीमीटर, क्रोफूटने ५० वाढवली आणि हवेत ४०, तर ४० गुणिले ३०० भागिले ३५०, म्हणजे ३४ ला लावायचा. क्रोफूट रेंचला काटकोनात बसवला तर हिशोबाची कटकट नाही, तोच आकडा चालतो.

आणि टॉर्क रेंचने बोल्ट सोडायचा नाही. गंजलेला एक्सल नट सोडायला किती जोर लागेल काही सांगता येत नाही, तो रेंचच्या कमाल आकड्याच्या वर सहज जातो. शिवाय बरेच क्लिकवाले एकाच दिशेला मोजतात, रॅचेट उलटा फिरतो म्हणून उलट्या बाजूलाही क्लिक होईल असं समजून ओढत राहू नका. सोडायला लांब दांड्याचा ब्रेकर बार घ्या, छोट्या रेंचसोबत त्याच दिवशी. दुसरा तीन अष्टमांशवाला रेंच एक-दोन महिन्यांनी घेतलात तरी चालेल, तोपर्यंत चाक काढायचं काम आलं तर एक्सल आवळण्यापुरता कुणाचा तरी मागून आणा.